'आता सगळं संपवतो' असं स्टेटस दिसलं तर लगेच काय करायचं?

रानजाई

गप्पांच्या पानावर परवा एका सभासदाने विचारलं होतं, "शाळेच्या ग्रुपमधल्या मित्राने स्टेटसला 'सगळ्यांना शेवटचा नमस्कार' टाकलंय. मी बोलू की नको?" प्रतिसाद भराभर आले, पण बरेचसे 'देव त्याला बळ देवो' अशा थाटाचे. मित्र सुखरूप आहे हे नंतर कळलं. तरी नेमकं काय करायचं हे तिथे कुणीच सांगितलं नाही, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

मी एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून फोन घेते. डॉक्टर नाही. औषधं आणि निदान यावर मी बोलणार नाही, इथे जाणकार आहेत त्यांनी बोलावं.

महत्त्वाचं आधी सांगते. पोस्टखाली लिहित बसू नका, त्या माणसाला फोन लावा. आणि फोन चालू असतानाच, किंवा तो उचलत नसेल तर लगेच, त्याच्या दारापर्यंत जाऊ शकेल असा कुणीतरी शोधा. बाकी सगळं यानंतर.

हे इतकं ठासून का म्हणते? फेसबुक, इन्स्टाग्रामवर निदान तक्रार नोंदवायची सोय आहे. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर गेलं की 'रिपोर्ट'मध्ये आत्महत्या किंवा स्वतःला इजा असा पर्याय मिळतो, तुमचं नाव समोरच्याला कळत नाही, कंपनीची माणसं ती पोस्ट तपासतात. ते जरूर करा. पण आपल्याकडे माणूस मन मोकळं करतो ते व्हॉट्सॅपवर, आणि व्हॉट्सॅपचं स्टेटस कंपनीला वाचताच येत नाही. ते दिसतं फक्त त्याच्या फोनमधल्या ओळखीच्यांना. म्हणजे वर कुणी राखण करत बसलेलं नाही, जे काय आहोत ते आपणच. त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की घरच्यांनी पाहिलं असेल, जवळचा मित्र बोलला असेल. आणि ज्याने ते टाकलं त्याला यादी दिसत असते, कुणी कुणी पाहिलं आणि गप्प राहिलं त्याची.

फोन लागला की इकडचं तिकडचं बोलत वेळ काढू नका. "तुझं स्टेटस वाचलं, मला काळजी वाटली म्हणून फोन केला," असं म्हणा आणि सरळ विचारा, "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतायत का?" हा शब्द उच्चारायला जीभ जड होते. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी भीती वाटते. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये २,३४२ मुलांवर याचाच अभ्यास झाला होता, २००५ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले होते त्यांचा त्रास वाढला नाही. ज्यांना नैराश्य होतं किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना उलट थोडं हलकं वाटलेलं दिसलं. फोनवर मीही हेच ऐकते. प्रश्न विचारला की पलीकडे आधी शांतता असते, मग बऱ्याचदा एक मोठा श्वास, आणि मग माणूस बोलायला लागतो.

उत्तर 'हो' आलं तर पुढचे प्रश्न: काही ठरवलंय का? कधी? जे ठरवलंय ते हाताशी आहे का? आत्ता सोबत कोण आहे? 'आज', 'हाताशी आहे', 'एकटा आहे' यांपैकी काहीही ऐकू आलं तर दुसऱ्या फोनवरून किंवा शेजारच्या माणसाकरवी ११२ हा पोलिसांचा तातडीचा नंबर लावा, आणि पहिला फोन ठेवू नका. धोका इतका जवळ नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्याला नंबर पाठवून मोकळे होऊ नका, कॉन्फरन्स कॉल करून तुम्हीच जोडून द्या. त्या अवस्थेत नवा नंबर फिरवण्याइतकं त्राण माणसात नसतं. तुम्हाला स्वतःला काय बोलावं सुचत नसेल तरी १४४१६ वर विचारता येतं.

उपदेश, 'आईवडिलांचा विचार कर', 'तुझ्यापेक्षा किती जणांची परिस्थिती वाईट आहे', हे सगळं टाळा. आपण त्रासच देतोय असं ज्याला आधीच वाटतंय, त्याला आईवडिलांची आठवण करून दिली की तो आणखी खचतो.

माडाचीवाडी

विषय चांगला आहे, पण एक विचारतो. माझ्या ओळखीत एक जण महिन्यातून दोनदा असलं काहीतरी टाकतो. सुरुवातीला सगळे धावले. आता सगळे म्हणतात, लक्ष वेधून घ्यायला करतो. खरोखर करणारा सांगून करतो का? प्रत्येक वेळी पोलिसांना फोन करायचा तर उद्या खरी वेळ येईल तेव्हा कुणी हलणार नाही.

रानजाई

माडाचीवाडी, असं वाटणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे विचारलंत ते बरं केलंत. आत्महत्येने गेलेल्या अनेकांनी आधी कुणाजवळ तरी बोलून दाखवलेलं असतं. ज्याने पूर्वी प्रयत्न केलाय त्याचा धोका तर सगळ्यात जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणजे 'हा नेहमीचाच आहे' हे निश्चिंत होण्याचं कारण नाही, ते जास्त लक्ष देण्याचं कारण आहे.

लक्ष वेधायला करतो म्हणता, तर मग लक्ष द्या की. माणूस महिन्यातून दोनदा इतक्या टोकाचं बोलून लक्ष मागतोय, याचा अर्थ साध्या शब्दांत मागून त्याला ते मिळत नाही. दर वेळी ११२ लावा असं मी म्हणत नाहीये. दर वेळी विचारा. वरचे चार प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात आणि पोलीस लागणार का हे त्यातूनच ठरतं. आणि स्टेटस नसेल तेव्हाही, एखाद्या साध्या दुपारी, त्याला फोन करा. दोघा-तिघा मित्रांनी वार वाटून घेतले तर एकावर भार येत नाही.

खाकीनंतर

पोलीस खात्यातून निवृत्त आहे. काही वर्षं नियंत्रण कक्षात होतो, म्हणून त्या बाजूचं लिहितो.

११२ वर फोन केल्यावर लोक घाबरून सगळी कहाणी सांगू लागतात. आम्हाला आधी हवा असतो त्याचा मोबाइल नंबर, पूर्ण नाव आणि तो आत्ता कुठे असू शकेल ते. तालुका, गाव, सोसायटी, हॉस्टेल, जे माहीत असेल ते. मग पोस्ट किती वाजता टाकली, शेवटचं बोलणं कधी झालं, गाडी घेऊन बाहेर पडलाय का. स्टेटस पुसलं जातं, म्हणून स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. तो पोलिसांना द्या, बाकी कुणालाही नाही. मोबाइलचं ठिकाण पोलिसांना काढता येतं, तुम्हाला येत नाही, म्हणून नंबर अचूक द्या. 'फोन बंद आहे' असं समजून नंबर द्यायचं टाळू नका.

दोन घटना सांगतो, दोन्ही वर्तमानपत्रांत आल्या होत्या. ऑगस्ट २०२० मध्ये फेसबुकच्या आयर्लंडमधल्या कार्यालयाने दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागाला कळवलं की एका खात्यावर धोक्याच्या पोस्ट दिसतायत. खात्याला जोडलेला नंबर दिल्लीतल्या एका बाईंचा निघाला. खातं वापरत होता तिचा नवरा, तो मुंबईत हॉटेलात स्वयंपाकी होता. टाळेबंदीने कामधंदा बसलेला, घरी तान्हं मूल. दिल्लीने मुंबई सायबरला कळवलं आणि रात्रीतच पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. तो वाचला. जानेवारी २०२१ मध्ये धुळ्याचा तरुण, फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना. पुन्हा आयर्लंडहून मुंबईला, मुंबईहून धुळ्याला निरोप, आणि धुळे पोलीस वेळेत घरी. तोही वाचला. उत्तर प्रदेश पोलिसांची तर २०२२ पासून फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीबरोबर अशी व्यवस्थाच आहे.

हे वाचून यंत्रणेचं कौतुक वाटतं, मलाही वाटतं. पण निरोप आयर्लंडहून फिरून येईपर्यंत जो वेळ जातो तो त्याच गल्लीतल्या माणसाने फोन केला तर जात नाही. रानजाईताई म्हणतात तेच.

कायद्याची भीती काढून टाका. 'पोलिसांना सांगितलं तर त्याच्यावरच केस होईल' म्हणून लोक थांबतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. त्यातलं २२६ कलम आहे ते सरकारी नोकराला काम करण्यापासून रोखण्यासाठी किंवा करायला भाग पाडण्यासाठी कुणी असा प्रयत्न केला तर, घरात खचलेल्या माणसासाठी नाही. कळवणाऱ्याला तर काहीच होत नाही.

एडिसनकर

खाकीनंतर, माझा प्रश्न परदेशातून. आमच्याकडे दुपार असते तेव्हा तिकडे मध्यरात्र. कॉलेजच्या ग्रुपवर असलं काही टाकलेलं पहिल्यांदा आम्हालाच दिसतं, कारण तिकडचे झोपलेले असतात. इथून ११२ लावून उपयोग नाही. इथे अमेरिकेत ९८८ ही हेल्पलाइन आहे, पण ते इथल्यासाठी. मग काय करायचं?

खाकीनंतर

त्या गावात, त्या शहरात राहणाऱ्या एकाला झोपेतून उठवायचं. मेसेज नाही, फोन. पहिल्याने उचलला नाही तर दुसरा, तिसरा. रात्री दोनला फोन कसा करायचा हा संकोच अशा वेळी नको. त्याला सांगायचं, तू ११२ लाव आणि स्वतः निघ. शिवाय ज्या जिल्ह्यात तुमचे आईवडील, मित्र राहतात तिथल्या पोलीस नियंत्रण कक्षाचा साधा लँडलाइन नंबर जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर असतो. तो +९१ लावून आजच फोनमध्ये साठवून ठेवा.

भारतातल्या भारतातही हे लक्षात असू द्या. तुम्ही बंगळुरात असाल आणि मित्र नांदेडला, तर तुमचा ११२ कर्नाटकात लागतो.

धुऱ्यावरचा

मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्या गावाच्या ग्रुपवर साडेतीनशे माणसं आहेत. नापिकी, कर्ज, पोरीचं लग्न, दारू, सगळं एकाच घरात असतं कधी कधी. आमच्याकडचा माणूस इंग्रजीत 'डिप्रेस्ड' लिहीत नाही. तो लिहितो, 'आता मोकळा होतो', 'कोणाचं काही देणं राहिलं असेल तर माफी असावी'. नाहीतर काहीच लिहीत नाही, बैल विकतो, सगळे ग्रुप सोडतो, आणि ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्या भावाच्या घरी जाऊन चहा पिऊन येतो. शहरातल्यांना वाटेल चला, बरं झालं, मिटलं. आम्ही आता तेव्हाच सावध होतो.

गावात एक गोष्ट चांगली आहे की पाच मिनिटांत दारात माणूस उभा करता येतो. ग्रुपचा ॲडमिन म्हणून मी एवढंच करतो: असं काही दिसलं की ग्रुपवर चर्चा होऊ देत नाही. 'काय झालं रे', 'कोण आहे हा' सुरू झालं की तो तिकडे वाचत बसतो आणि आणखी लाजतो. ज्याचं त्याच्याशी जमतं असा एक जण त्याच्याकडे जातो. बायको-पोरांसमोर विषय काढायचा नाही, बाहेर ओट्यावर, नाहीतर शेताकडे चालता चालता. दुसरा एक जण फवारणीचं औषध घराबाहेर हलवतो. हे मी मुद्दाम लिहितो. औषध घरात, खाटेखाली ठेवायची पद्धत बंद व्हायला पाहिजे, ते कुलपात असलं पाहिजे आणि चावी दुसऱ्याकडे. मनात आलेलं आणि हातात आलेलं यात जेवढं अंतर पडेल तेवढा माणूस वाचतो.

आशाताईला, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य सेविकेला, सांगा. तिला कोणत्या घरात काय चाललंय ते सरपंचापेक्षा जास्त माहीत असतं.

सीट_नंबर_४१

वाचनमात्र होतो, आज लिहितो. नाव बदलून लिहितो आहे.

मी पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करत होतो. कॉट बेसिसची खोली, सकाळी सातला अभ्यासिका, मेस. परीक्षा पुढे ढकलल्या जात होत्या, वय वाढत होतं, गावाकडून पैसे मागताना आवाज बसायचा. एका रात्री मी इन्स्टाग्रामवर एक पोस्ट टाकली. काय लिहिलं ते इथे लिहीत नाही.

खाली प्रतिक्रिया यायला लागल्या. 'स्ट्राँग राहा भावा', 'हे पण दिवस जातील', हात जोडलेले इमोजी. मनापासून लिहिलं होतं सगळ्यांनी, आज ते कळतं. त्या वेळी वाटलं, बस, निरोप समारंभ झाला. ज्या मुलीशी अभ्यासिकेतल्या नोट्सपलीकडे कधी बोलणं नव्हतं तिने फोन केला. मी कापला, तिने परत केला. तिने जे रानजाईंनी लिहिलंय तेच विचारलं, अगदी तसंच, तो शब्द वापरून. मला इतकं हायसं वाटलं की मी खोटं बोलू शकलो नाही. मग तिने विचारलं, खोलीत कोण आहे? म्हटलं, पार्टनर झोपलाय. ती म्हणाली, फोन स्पीकरवर टाक आणि त्याला उठव, मी तोवर बोलत राहते. उठवायला लाज वाटत होती. ती म्हणाली, तुला जमत नसेल तर मी हाक मारते. आणि तिने त्याच्या नावाने स्पीकरवरून हाक मारली.

पार्टनर उठला. सकाळी तो मला घेऊन ससूनला मानसोपचाराच्या ओपीडीत आला, केसपेपर काढण्यापासून तो बरोबर होता. औषधं चालली, समुपदेशन चाललं, लगेच काही बदललं नाही. परीक्षा मी पुढे सोडली. आज नोकरी करतो.

तिने मला कसलाही उपाय सांगितला नाही, ते तिला शक्यही नव्हतं. शेजारी माणूस जागा होईपर्यंत ती फोनवर थांबली. मला त्या रात्री तेवढंच हवं होतं, आणि ते मागायचं कसं हे मला येत नव्हतं.

रानजाई

सीट नंबर ४१, तुम्ही हे लिहिलंत यासाठी मनापासून आभार. आज लिहून पुन्हा ते सगळं अंगावर आलं असेल तर आज कुणाशी तरी बोला, मला व्यनि (खाजगी निरोप) केलात तरी चालेल.

सुमेधा_लातूर

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. लातूरला नीट-जेईईसाठी बाहेरगावची मुलं खूप, सोळा-सतरा वर्षांची, पहिल्यांदाच घरापासून लांब. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या आहेत, देशात सर्वाधिक. त्यात विद्यार्थी १,७६४, तेही देशात सर्वाधिक. हे आकडे मी पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवते. काही पालकांना आवडत नाही.

मुलांच्या बाबतीत वेगळी अडचण अशी की आपल्याला दिसतं ते त्यांचं सभ्य खातं. खरं ते 'क्लोज फ्रेंड्स'साठीच्या स्टोरीवर असतं, किंवा दुसऱ्या खात्यावर, जिथे आठ-दहा मित्रमैत्रिणींखेरीज कुणी नाही. म्हणजे धोका सगळ्यात आधी कळतो तो दुसऱ्या एका सतरा वर्षांच्या पोराला, आणि त्याला आईची शपथ घातलेली असते की कुणाला सांगायचं नाही. ते पोर रात्रभर एकटं जागत बसतं. मी वर्गात दरवर्षी सांगते की ही चुगली नाही. शपथ मोडली तर मैत्री तुटेल, पुन्हा जोडता येईल, मित्र राहिला तर. असं गुपित आपल्याजवळ ठेवायचं नाही, आणि ते त्याला तोंडावर सांगायचं: "मी हे एकटा सांभाळू शकत नाही, मी मॅडमना सांगणार आहे, चल तू पण." मग मुलं येतात. जोडीने येतात बहुतेक वेळा.

अठराच्या खालच्यांसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, तोही लक्षात ठेवा. आणि निकालाच्या आठवड्यात पेढ्यांचे फोटो सगळीकडे असतात तेव्हा ज्यांचं स्टेटस रिकामं आहे त्यांना फोन करा.

अनामिका_क

तुम्ही सगळे म्हणता घरच्यांना कळवा. आणि घरच्यांमुळेच असेल तर? माझ्या मैत्रिणीने जे लिहिलं होतं ते सासरच्या छळामुळे. नवऱ्याला फोन केला असता तर तिचा फोनच काढून घेतला असता.

रानजाई

अगदी बरोबर. 'जवळचा माणूस' म्हणजे नात्याने जवळचा असं धरून चालायचं नाही. ज्या घरात मारहाण आहे, ज्या घरात जातीबाहेरच्या प्रेमामुळे मुलीला कोंडलंय, ज्या घरात मुलगा समलिंगी असल्याचं कळल्यावर छळ सुरू झालाय, तिथे घरी फोन करणं धोका वाढवू शकतं. म्हणून तिलाच विचारायचं, "आत्ता तुझ्याकडे कुणी आलेलं तुला चालेल? कुणाला सांगू?" शेजारची काकू असेल, मावशी असेल, ऑफिसातली मैत्रीण असेल. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. घरातल्या हिंसेबद्दल बोलता येतं, आसऱ्याची सोयही तिथून कळते. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल सेवाही अशा गोष्टी समजून घेते, नंबर ९१५२९८७८२१. ती चोवीस तास नाही, एवढं ध्यानात ठेवा.

जीव आत्ता या क्षणी धोक्यात असेल तर मात्र ११२ च. पोलीस आले की "घरातूनच त्रास आहे, तिच्याशी एकटीशी बोला," हे आधीच फोनवर सांगून ठेवायचं.

विदागार

एक वेगळी बाजू मांडतो, मी याच क्षेत्रात काम करतो. 'कंपन्यांनी सगळं मशीनवर टाकून शोधून काढावं' असं लोकांना वाटतं. ब्रिटनमधल्या समॅरिटन्स या आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या जुन्या संस्थेने ऑक्टोबर २०१४ मध्ये एक साधन काढलं होतं. तुम्ही ट्विटरवर ज्यांना अनुसरता त्यांच्या ट्वीटमध्ये धोक्याचे शब्द दिसले की ते तुम्हाला ईमेल करायचं. हेतू उत्तम. पण ज्यांच्यावर नजर ठेवली जात होती त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्रास देणाऱ्या माणसालाही तुमचा कमकुवत क्षण कळणार होता. नैराश्यातून जाणारे लोकच विरोधात उभे राहिले. दोन आठवड्यांच्या आत ते बंद करावं लागलं. फेसबुकने २०१७ पासून पोस्ट आपोआप हेरायला सुरुवात केली, पण युरोपीय संघात खाजगीपणाच्या कायद्यांमुळे ते तसं चालवता आलं नाही.

मराठीत तर अडचण आणखी मोठी. 'मेलो आज काम करून', 'जीव दे आता' हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. रोमन लिपीत लिहिलेलं, अर्धं वऱ्हाडी, अर्धं इन्स्टाग्रामचं. मशीनला त्यातलं खरं कोणतं हे ओळखणं कठीण. तुम्हाला ओळखता येतं, कारण तो माणूस एरवी कसा बोलतो हे तुम्हाला माहीत आहे. दर्दभरे शेर टाकणारा आज शेर टाकत असेल तर ते त्याचं रोजचं. क्रिकेटशिवाय काही न टाकणाऱ्याने आज सगळ्यांचे आभार मानले तर फोन करा.

मनोविकार_ओपीडी

मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी सेवेत. वर बरंचसं बरोबर आलंय. मला त्या रात्रीनंतरचं लिहायचंय, कारण तिथे सगळे सुटतात.

पोलीस येतात, घरचे जमतात, मित्र रडतात, सकाळ होते. आठ दिवसांनी सगळे आपापल्या कामाला. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे मात्र सगळ्यात धोक्याचे असतात. माणूस बरा दिसतो, हसतो, आणि घरचे म्हणतात आता विषय नको. विषय काढा. "त्या रात्रीसारखं पुन्हा वाटतंय का?" हे आठवड्याने, महिन्याने विचारायला हरकत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत एक जुना प्रयोग झाला. रुग्णालयातून घरी गेलेले, पण पुढचे उपचार नाकारलेले ८४३ लोक. त्यातल्या निम्म्यांना रुग्णालयातल्या ओळखीच्या माणसाकडून अधूनमधून चार ओळींचं पत्र जायचं. कसे आहात, आठवण आली, वाटलं तर लिहा. उपदेश नाही, अपॉइंटमेंट नाही, उत्तराची अपेक्षा नाही. पाच वर्षं ही पत्रं गेली. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आज पत्राची गरज नाही, व्हॉट्सॅप आहे. ज्या फोनवर ते स्टेटस आलं त्याच फोनवर दर पंधरा दिवसांनी दोन ओळी पाठवा. उत्तर आलं नाही तरी पाठवा.

'ज्याने ठरवलंय तो आज नाही तर उद्या करणारच' हे ओपीडीत रोज ऐकतो. त्याच शहरात ऐन क्षणी रोखलेल्या ५१५ लोकांचा पुढे कित्येक वर्षं माग काढला गेला. १९७८ च्या त्या अभ्यासात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते. तीव्र इच्छेची लाट बहुतेकांत ओसरते. ती ओसरेपर्यंत माणसाला एकटं ठेवायचं नाही आणि धोक्याच्या वस्तू त्याच्यापासून लांब ठेवायच्या, एवढं काम आपलं.

शांत असताना त्याच्याबरोबर बसून एक कागद लिहा. आपल्याला वाईट वाटायला लागलंय हे कशावरून कळतं, तेव्हा एकट्याने काय केलं की बरं वाटतं, कुणाकडे जाऊन बसता येतं, कुणाला फोन करायचा, कोणता दवाखाना, घरातलं काय बाहेर ठेवायचं. त्याच्या हस्ताक्षरात, त्याच्या शब्दांत. फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी असते, खाजगी परवडत नसेल तर तिथे या.

मांडवीकाठ

गोव्यातल्यांसाठी: इथे कूज ही संस्था आत्महत्या प्रतिबंधाचंच काम बरीच वर्षं करते आहे. टेलिमानस इथेही लागतो.

बातमीदार_अ

एक पोटतिडकीने सांगतो. जेव्हा वाचवता येत नाही तेव्हा त्याची शेवटची पोस्ट, चिठ्ठी, फोटो फिरवू नका. 'जागृतीसाठी' म्हणूनही नको. व्हिएन्नात १९८७ मध्ये वार्ताहरांसाठी सूचना केल्या गेल्या, मेट्रोवरच्या आत्महत्यांच्या सनसनाटी बातम्या थांबल्या आणि पुढच्या काही महिन्यांत त्या घटनाच झपाट्याने कमी झाल्या. आपल्याकडे भारतीय प्रेस परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: पद्धतीचं वर्णन नको, ठिकाणाचा तपशील नको, एकच कारण चिकटवू नका, बातमी रंगवू नका. वर्तमानपत्रं थोडीफार पाळतात. आता बातमी आधी पोचते ती ग्रुपवर, आणि तिथे संपादक कुणीच नाही. त्याच ग्रुपात आणखी कोण त्याच विचारात बसलंय हे फॉरवर्ड करणाऱ्याला माहीत नसतं.

धुऱ्यावरचा

रानजाईताई, ग्रुपवर वर चिकटवून ठेवायला चार ओळी लिहून द्या. मोठं लिहिलं तर आमचे लोक वाचत नाहीत.

रानजाई

हे घ्या. हवं तसं बदला:

"आपल्यापैकी कुणाच्या स्टेटसवर, बोलण्यात 'आता जगायचं नाही' असं काही दिसलं तर ग्रुपवर लिहू नका, फोटो पुढे पाठवू नका. लगेच त्याला फोन करा, सरळ विचारा आणि कुणीतरी त्याच्याकडे जा. जीव धोक्यात वाटला तर ११२. बोलायला, विचारायला १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीत. आणि तुमच्या स्वतःच्या मनात असं येत असेल तर ॲडमिनला कधीही फोन करा, रात्री तीनलाही."

शेवटच्या वाक्यातला ॲडमिन म्हणजे तुम्ही. झेपणार असेल तरच ते वाक्य ठेवा. आणि तुमच्याबरोबर आणखी दोघांचे नंबर टाका, एकट्याने नको.

धुऱ्यावरचा

ठेवतो. माझा, माझ्या चुलतभावाचा आणि आशाताईंचा नंबर टाकतो, त्यांना विचारून.

खाकीनंतर

त्यात तुमच्या पोलीस ठाण्याचा लँडलाइन नंबर आणि गावाचं नाव तालुक्यासकट लिहा. घाईत फोन करणारा नुसतं गावाचं नाव सांगतो, आणि एकाच नावाची गावं जिल्ह्यात दोन-दोन असतात.